पेन ड्राइव्हची वाण-चाचणी : वेग किती, वजन किती, उतारा किती?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



बेण्याची निवड, लागणीची वेळ, खोडव्याची निगा हे आपले नेहमीचे विषय. या खेपेस विषय जरा निराळा आहे. अंगठ्याएवढी वस्तू, पण आज ती जवळजवळ प्रत्येक घरात आहे. कुणाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, कुणाच्या देवघराशेजारच्या खणात, तर कुणाच्या सदऱ्याच्या खिशात. ती म्हणजे पेन ड्राइव्ह.

“साहेब, याचा आणि उसाचा काय संबंध?” असे कुणीही विचारील. संबंध आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. घरांत पाणी शिरले तशी पेट्या-कपाटांतली कागदपत्रेही भिजली. वाटणीपत्रे, ठिबकची बिले, माती परीक्षणाचे अहवाल, उसाच्या बिलांच्या पावत्या यांचा लगदा झाला. तेव्हापासून अनेक घरांतल्या शिकलेल्या मुलांनी कागद स्कॅन करून पेन ड्राइव्हमध्ये ठेवायला सुरुवात केली. विचार उत्तमच. पण ज्या कणगीत धान्य भरायचे तिला बूड आहे की नाही, हे आधी पाहायला नको का?

गेल्या हंगामापूर्वी एक सभासद गट ऑफिसात आले. मुलाने बाजारातून स्वस्तात मोठा पेन ड्राइव्ह आणला होता. त्यात वाटणीचे कागद, ठिबकची फाइल आणि त्यांच्या दिवंगत वडिलांचे फोटो ठेवले होते. संगणकाला लावला, तर फाइलींची नावे सगळी दिसत होती. उघडायला गेलो, तर पहिल्या काही उघडल्या, पुढची एकही नाही. सातबारा डिजिटल सहीचा पुन्हा काढता आला, बिलांच्या नकला धावपळ करून मिळाल्या. वडिलांचे फोटो मात्र कुठल्याच कचेरीतून मिळणार नव्हते. ते काही बोलले नाहीत, ड्राइव्ह खिशात घालून निघून गेले.

हे पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हा लेख.

बाजार पाहिला उल्हासनगरचा

आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी कल्याणच्या पुढे स्थायिक झाली आहेत. माझी बहीणही उल्हासनगरला कॅम्प 4 मध्ये राहते. विठ्ठलवाडी स्टेशनला उतरले की लालचक्की, श्रीराम चौक हा सगळा भाग जवळच. भाचा संगणक दुरुस्तीची कामे करतो. दिवाळीत तिकडे गेलो, तेव्हा ठरवले की या विषयाचा एकदा सोक्षमोक्ष लावायचाच.

उल्हासनगरची ओळख थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, कल्याण कॅम्प तिचे नाव. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व सोडून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. 8 ऑगस्ट 1949 रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव पडले. छावणीचे भाग म्हणून ‘कॅम्प’ हा शब्द पत्त्यांत अजून टिकून आहे. रिकाम्या हातांनी आलेल्या या माणसांनी कष्टाने बाजारपेठ उभी केली. कापड, फर्निचर, जीन्स, विजेच्या वस्तू, काय म्हणाल ते इथे मिळते.

इथल्या हुबेहूब मालाविषयी एक विनोद सगळीकडे सांगतात. मालावर ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असायचा, आणि यूएसए म्हणजे अमेरिका नव्हे तर ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! विनोद विनोदाच्या जागी ठेवावा. खोटा माल काही एका गावाची मक्तेदारी नाही. तो आपल्या आठवडी बाजारातही येतो आणि मोबाइलवर ऑर्डर करून घरपोचही येतो. याच उल्हासनगरात भाच्याच्या ओळखीच्या एका दुकानदाराने “लॅपटॉप आणा, इथेच लावून बघा, मग पैसे द्या” असे स्वतःहून सांगितले. असा दुकानदार कुठेही भेटला तर सोडू नये.

थोडी पूर्वपीठिका

ज्या यूएसबी खाचेत आपण हा ड्राइव्ह खुपसतो ती 1996 साली आली. ती तयार करणाऱ्या इंटेल कंपनीतल्या मंडळींत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. आतली जी चिप माहिती धरून ठेवते तिला फ्लॅश मेमरी म्हणतात. ती जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांची देणगी, 1980 च्या दशकातली. पेन ड्राइव्ह बाजारात आला 2000 साली. सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये जेमतेम 8 एमबी मावत. म्हणजे 1.44 एमबीच्या पाच-साडेपाच फ्लॉप्यांइतके. आज त्याच आकारात 64 जीबी, 128 जीबी सहज मिळते.

खाचेच्याही पिढ्या आहेत. 2000 साली यूएसबी 2.0 आली आणि 2008 साली 3.0 जाहीर झाली. बहुतेक संगणकांवर 3.0 च्या खाचेची जीभ आतून निळी असते. नवा ड्राइव्ह जुन्या खाचेत लावला तरी चालतो, पण जुन्या खाचेच्याच चालीने. नवा ट्रॅक्टर पाणंदीत घातला तर रस्त्याच्याच मानाने चालणार, तसे.

मापातला घोळ

चाचणीपूर्वी माप समजून घ्यावे. गुंठा आणि एकर यांत गल्लत केली तर खताचा हिशेब चाळीस पटीने चुकतो. इथेही तसेच आहे. खाचेचा वेग ‘मेगाबिट’मध्ये सांगतात आणि फाइलचे माप ‘मेगाबाइट’मध्ये असते. आठ बिट म्हणजे एक बाइट. यूएसबी 2.0 चा वेग सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे फक्त 60 मेगाबाइट. तोही कागदावरचा, प्रत्यक्षात त्याहून बराच कमी मिळतो.

दुसरा घोळ क्षमतेचा. 64 जीबीचा ड्राइव्ह विंडोजच्या संगणकाला लावला की साधारण 59 जीबी दिसते. ही लबाडी नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, संगणक 1024 च्या पटीत. कच्चा मण आणि पक्का मण असा हा फरक आहे. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये.

तिसरी गोष्ट वेष्टनावरच्या आकड्याची. ‘100 एमबी पर्यंत’ असे छापलेले असते. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचावा. शिवाय तो वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही. फ्लॅश मेमरीत लिहायला वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो आकडा सहसा छापलेला नसतो. एकरी शंभर टनांचा फलक रोपवाटिकेबाहेर लावलेला असतो, पण तो कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर, हे फलकावर नसते. त्यातलाच प्रकार.

चाचणी घ्यावी ती पाडेगावच्या पद्धतीने

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर किंवा मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाणांची तुलना कशी करतात हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शिवारफेरीत पाहिले आहे. जमीन एक, लागण एका दिवशी, खत-पाणी सारखे, आणि प्रत्येक वाणाचे अनेक तुकडे. एका सरीवरून कुणी निष्कर्ष काढत नाही. पेन ड्राइव्हलाही हेच लागू आहे. आम्ही असे नियम ठरवले :

1. संगणक एकच, खाच एकच. त्या संगणकाची स्वतःची डिस्क वेगवान असावी, नाहीतर आपण ड्राइव्हऐवजी तिचाच वेग मोजत बसतो.

2. प्रत्येक ड्राइव्ह रिकामा करून, एकाच पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा.

3. माल दोन तऱ्हेचा. एक 2 जीबीची सलग व्हिडिओ फाइल, आणि दुसरे हजारभर लहान-लहान फोटो व कागद. भरलेली ट्रॉली एकदम ओतणे वेगळे आणि एकेक मोळी उतरवणे वेगळे.

4. पडद्यावरची हिरवी पट्टी संपली म्हणून घड्याळ थांबवू नये. संगणक पुष्कळदा माल आपल्याच ओसरीवर ठेवून ‘झाले’ म्हणतो. ‘आता सुरक्षित काढू शकता’ असा संदेश आला की मगच घड्याळ थांबवावे.

5. वाचण्याचा वेग मोजण्यापूर्वी ड्राइव्ह काढून पुन्हा लावावा. नाहीतर संगणक आठवणीतलेच परत दाखवतो आणि वेग उगाच मोठा दिसतो.

6. प्रत्येक चाचणी तीनदा, क्रम बदलून. मध्ये ड्राइव्ह थंड होऊ द्यावा, कारण तापला की तो मंदावतो.

क्रिस्टलडिस्कमार्क नावाचा एक मोफत जपानी प्रोग्रॅम हेच काम बसल्या जागी करून आकडे देतो. पण घड्याळ लावून केलेले डोळ्यांना दिसते आणि मनाला पटते.

चार ड्राइव्ह, चार स्वभाव

बहिणीच्या घरी टेबलावर चार ड्राइव्ह मांडले. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन ड्राइव्हमध्येही फरक असू शकतो. पहिला नामांकित कंपनीचा, 3.0 जातीचा, 64 जीबीचा, पावतीसह घेतलेला. दुसरा माझाच जुना, 2.0 जातीचा, 16 जीबीचा. तिसरा कमी किमतीचा, निळी जीभ असलेला, वर मोठ्या अक्षरांत ‘3.0’. चौथा रस्त्यावरच्या हातगाडीवरचा, ‘1 टीबी’ लिहिलेला, आणि किंमत म्हणाल तर पहिल्याहूनही कमी!

2 जीबीची फाइल पहिल्याने मिनिटाच्या आत घेतली. जुन्याला चार मिनिटांच्या आसपास लागली, पण चाल एकसारखी. वाटेत कुठे अडखळला नाही. तिसरा सुरुवातीला असा पळाला की भाचा म्हणाला, “मामा, हा पहिल्याला हरवणार!” निम्म्यावर आला आणि बसला. शेवटी जुन्याच्याच बरोबरीने पोचला. याचे कारण असे की काही ड्राइव्हमध्ये थोडी जागा जलद लिहिता येईल अशी राखलेली असते. ती भरली की खरी चाल दिसते. उगवण जोमदार पण फुटवा नाही, असा हा वाण. म्हणूनच छोट्या फाइलीवर चाचणी घेऊन फसू नये.

चौथ्याला सात मिनिटे लागली. हजार लहान फाइलींना तर इतका वेळ लागला की तेवढ्यात बहिणीने चहा करून आणला, आम्ही पिऊन झालो, तरी पट्टी चालूच.

तरीही वाचण्यात चारही पास झाले. व्हिडिओ चारही ड्राइव्हवरून व्यवस्थित दिसला. चाचणी इथेच थांबवली असती तर चौथा ‘मंद पण मोठा’ ठरला असता. दोन जीबीची जागा त्याच्यापाशी खरी होती म्हणून दोन जीबी परत आले. प्रश्न होता पुढच्या नऊशे अठ्ठ्याण्णवचा.

टनेज आणि उतारा

काट्यावर ऊस भरपूर आला, एवढ्यावर साखर होत नाही. उतारा पाहावा लागतो. शेतातही नुसती उंची पाहून आपण तोड देत नाही. हँड रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा आणि शेंड्याचा ब्रिक्स पाहतो आणि दोन्ही जवळपास सारखे आले की ऊस पक्व म्हणतो. बुडख्याला गोड म्हणजे शेंड्याला गोड, असे कुणी धरत नाही. पेन ड्राइव्हचाही शेंडा तपासावा लागतो.

त्यासाठी जर्मनीतल्या एका संगणकविषयक नियतकालिकाने फार पूर्वी मोफत दिलेला प्रोग्रॅम आहे, एच टू टेस्ट डब्ल्यू. लिनक्ससाठी ‘एफ थ्री’ आहे. हे प्रोग्रॅम ड्राइव्ह शिगोशीग भरतात आणि मग भरलेले सगळे परत वाचून जुळवून पाहतात. जेवढे दिले तेवढे परत आले तर ड्राइव्ह खरा. काम वेळखाऊ आहे. सेकंदाला 10 एमबी चालीचा 64 जीबीचा ड्राइव्ह भरायलाच पावणेदोन तास लागतात. आमच्या चौथ्याची चाल सेकंदाला पाच एमबीच्या आसपास. त्या चालीने 1 टीबी भरायला साडेपंचावन्न तास! विकणाऱ्याला हे ठाऊक असते. इतका वेळ कोण बसतो?

पूर्ण भरायची गरजही नसते. आम्ही त्याला फक्त 64 जीबी लिहायला दिले आणि जेवायला बसलो. साडेतीन तासांनी लिहून झाले. मग वाचून जुळवायला लावले आणि लाल अक्षरे उमटली. 1 टीबीच्या नावाखाली 32 जीबीसुद्धा खरी जागा नव्हती. बाकीचे तिन्ही आपापल्या मापाने बरोबर निघाले, मंद झालेला तिसरासुद्धा.

ही लबाडी चालते कशी? ड्राइव्हमध्ये दोन भाग असतात. एक माहिती साठवणारी चिप, दुसरी कारकुनी करणारी चिप. संगणक कारकुनाला विचारतो, “जागा किती?” लबाड ड्राइव्हच्या कारकुनाला ‘एक टीबी’ असेच पढवून ठेवलेले असते. खरी जागा संपली तरी तो ‘घेतले, घेतले’ म्हणत राहतो. माल मात्र वाऱ्यावर जातो, नाहीतर आधीच्या मालावर टाकला जातो. फाइलींच्या नावांची वही सुरुवातीच्या खऱ्या जागेत असते, म्हणून नावे सगळी दिसतात. त्या सभासदांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. गोदामाची नोंदवही चोख, गोदाम रिकामे. असे गेलेले परत काढता येत नाही, कारण ते लिहिलेच गेलेले नसते.

मग वेगाला पैसे मोजावेत का?

याचे उत्तर कामावर आहे. वाटणीपत्र, पावत्या, माती परीक्षण असे घरचे सगळे कागद मिळून समजा 50 एमबी झाले. पाच एमबी चालीच्या ड्राइव्हलाही ते घ्यायला दहा सेकंद पुरतात. तेव्हा कागदांसाठी वेगामागे धावू नये. तेच पैसे पावती देणाऱ्या दुकानात आणि खऱ्या क्षमतेसाठी खर्चावेत. ज्याला 4 जीबीचा लग्नाचा व्हिडिओ रोज इकडून तिकडे न्यायचा आहे त्याचा हिशेब निराळा. पाच एमबी चालीला सव्वातेरा मिनिटे लागतात, चाळीसच्या चालीला शंभर सेकंद. त्याने वेगवान ड्राइव्ह घ्यावा.

आणखी एक. ड्राइव्ह रिकामा असूनही 4 जीबीहून मोठी फाइल ‘मावत नाही’ असे सांगितले, तर घाबरू नका. तो दोष फॅट 32 या जुन्या मांडणीचा आहे. आधी आतला माल दुसरीकडे काढून ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ने फॉरमॅट केला की काम होते.

ध्यानात ठेवण्याजोगे

1. बाजारभावाच्या मानाने फारच स्वस्त आणि फारच मोठा, असा ड्राइव्ह दिसला की तिथेच शंका घ्यावी.

2. पावती घ्यावी. नवा ड्राइव्ह आधी पूर्ण तपासावा, मगच त्यात काही ठेवावे. चाचणीत ड्राइव्ह भरून जातो, म्हणून ती रिकाम्या ड्राइव्हवरच करावी.

3. खोटा निघाल्यास त्यात आणखी काही लिहू नये. उघडतात तेवढ्या फाइली लगेच दुसरीकडे काढाव्यात. चाचणीच्या पडद्याचा फोटो आणि पावती घेऊन दुकानदाराकडे जावे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. खोटा ड्राइव्ह दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये.

4. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. लेकीच्या घरी, भावाच्या घरी, कुठेही. पूर घराघरांत फरक करतो, एकाच कपाटातल्या दोन ड्राइव्हमध्ये करत नाही.

5. खरा ड्राइव्हसुद्धा कायमचा नाही. फ्लॅश चिपमधला विजेचा भार वर्षानुवर्षे पडून राहिल्यावर झिरपत जातो. वर्षातून एकदा, दसऱ्याला अवजारांबरोबर तोही बाहेर काढावा, फाइली उघडून पाहाव्यात आणि नवी प्रत करावी.

6. मूळ कागद फेकू नयेत. प्रत ही प्रतच असते.

आपल्या चळवळीला सुरुवातीपासून एक शिस्त आहे. 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला, तो ‘आपला ऊस, आपला काटा, आपला हिशेब’ या भावनेतून. काट्यावर गाडी चढली की सभासद आजही आकड्याकडे स्वतः पाहतो. बाजारातून आणलेल्या प्रत्येक वस्तूकडे त्याच नजरेने पाहिले तर फसणूक निम्म्याने कमी होईल.

ज्या सभासदांना आपला ड्राइव्ह तपासून हवा असेल त्यांनी गट ऑफिसात शेतकी विभागाच्या माणसाला भेटावे. ड्राइव्ह रिकामा करून आणावा आणि हाताशी दोन-तीन तास ठेवून यावे. तेवढ्या वेळात खोडव्याच्या खताचेही बोलून घेऊ.